नऊ नंबरचा डबा

मास्तर हात करायचे, म्हणजे हाताची कातडी. आतला सांगाडा, पट्टे, स्प्रिंगा हे सगळं दुसऱ्या खात्यातून तयार होऊन यायचं. पेशंटच्या चांगल्या हाताचा प्लास्टरचा साचा मी घ्यायचो आणि त्यावरून आरशातल्यासारखा दुसऱ्या बाजूचा साचा करायचो. आणि शेवटी त्या सांगाड्यावर मोज्यासारखी जी कातडी चढते, शिरा, नखं, सुरकुत्या यांच्यासकट, ती मास्तरांची. सरकारी इस्पितळाच्या मागे, धुलाईखान्याला लागून आमची खोली होती. उत्तरेला एक मोठी खिडकी, तिच्याखाली त्यांचं टेबल, दाराशी माझं. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो आणि तरी एकमेकांचं सगळं ठाऊक होतं. निदान मला त्यांचं होतं.

ही कातडी उलटी होते. साच्यात जो पहिला थर ओततात तो सगळ्यात बाहेरचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. त्याच्या आत दुसरा, त्यात लाल-निळे बारीक धागे. त्याच्या आत मांसाचा. लोकांना जे दिसणार ते आधी करायचं, आणि ते आपल्याला दिसेनासं झालं की त्याच्या मागे काम करत राहायचं. चूक कळते ती साचा फोडल्यावर. म्हणून मास्तर प्रत्येक हाताला तीन बैठका घ्यायचे. दहा ते बारा, खिडकीच्या उजेडात, दिवे बंद. पेशंटचा चांगला हात आपल्या डाव्या हातात घ्यायचा, अंगठा त्याच्या मनगटाशी रोवायचा आणि उजव्या हातानं काचेच्या पट्टीवर रंग कालवत बसायचं. "हलू नका," म्हणायचे, "हात हलला की रंग चुकतो." परक्या माणसाचा हात ते तास तासभर धरून बसायचे. यंत्रात हात गेलेली माणसं त्या खुर्चीत पहिल्यांदा मोकळी व्हायची. काही रडायची. तिसऱ्या बैठकीला हात चढला की मास्तर म्हणायचे, "आता जांभई आली तर तोंडापुढे धरायची सोय झाली. फक्त कुणाला टाळी देऊ नका, वाजायची नाही." आणि तो माणूस हसायचा. कित्येकांच्या बायका मला सांगून गेल्या, अपघातानंतर हे पहिल्यांदाच हसले.

हे झालं आमच्या लोकांचं.

कालव्यापलीकडे दुसरे लोक राहायचे. तीन पिढ्यांपूर्वी खाणीत उतरायला त्यांना दूरवरून आणलं होतं. खाण बंद पडली, ते राहिले. आमच्यापेक्षा खूप काळे, केस वेगळे, नाकडोळे वेगळे. सरकारी कागदावर त्यांना एक बरं नाव होतं. आमच्या गल्लीत 'कोळसे' म्हणायचे. यंत्रात हात घालवण्यात ते आमच्या बरेच पुढे होते, कारण धोक्याच्या यंत्रापुढे त्यांनाच उभं करायचे. आमच्या खोलीत येणारा दर तिसरा माणूस त्यांच्यातला असायचा.

मास्तरांचे वडील खाणीत मुकादम होते. त्यांनी मुलाला एक गोष्ट शिकवली होती, की या लोकांना बोट दिलं तर मनगट धरतात. मुलानं ती शब्दशः पाळली. त्यांच्या हाताला मास्तरांनी कधी हात लावला नाही. बैठक नाही, खिडकी नाही. मी साचा घ्यायचो आणि चिठ्ठीवर लिहायचो, 'रंग: नऊ'. रंगांचा तक्ता मास्तरांनीच तरुणपणी बसवला होता. एक ते आठ आमच्या लोकांच्या छटा, गव्हाळ, पिवळट, तांबूस, उन्हात रापलेला वगैरे. नऊ नंबर त्यांचा. त्याचा मोठा डबा टेबलाखाली असायचा, आतला रंग ओल्या चामड्यासारखा, आणि त्यातून ओतलेला हात पुढून, मागून, बोटांच्या पेरांपर्यंत एकसारखा काळपट निघायचा.

तळवासुद्धा.

मला ते माहीत होतं. ओल्या प्लास्टरमधून त्यांचा हात सोडवताना तळवा माझ्याच हातात असायचा, आणि तो काळा नसायचा. पण रंग हे माझं खातं नव्हतं. मी चिठ्ठी लिहायचो.

मास्तर वाईट माणूस होते असं कुणी म्हणालं असतं तर गल्लीत हसले असते. उसनं मागायला कुणीही त्यांच्याकडे जावं. शेजारच्या म्हातारीचं औषध त्यांनी कित्येक वर्षं आणून दिलं. बायको शांत, जरा आजारी. एकुलती एक लेक, तिला ते फुलासारखं जपायचे. लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. तिथं यंत्रावर पलीकडचा एक जण होता. ती तेवीस वर्षांची असताना एका रविवारी घरी म्हणाली की मी त्याच्याशी लग्न करणार. मास्तरांनी आवाज चढवला नाही. जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मग तू मला मेलीस." ती उठली, पिशवी भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली.

त्याच आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात ते घडलं. संध्याकाळची वेळ. मास्तर एका खुर्चीत, मी शेजारच्या. मागच्या बाकावर गल्लीतली चार टगी पोरं नेहमीसारखी पेपर वाचत बसलेली. त्यांतला एक जाड्या.

"मास्तर," जाड्या म्हणाला, "घरात आता दिवसाउजेडी पण दिवा लावून ठेवा. नाहीतर जावई सापडायचा नाही."

बाकीचे खिदळले. न्हावीसुद्धा वस्तरा बाजूला धरून हसला. मास्तर हसले नाहीत. आरशात बघत, जणू गाडीची वेळ सांगावी तसे म्हणाले, "शनिवारी छापखाना सहाला सुटतो. तो मागनं जातो, गोदामांच्या गल्लीनं. एकटाच असतो."

न्हाव्यानं वस्तरा पुन्हा चालवायला घेतला.

"गोदामांच्या गल्लीनं," जाड्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं.

माझ्या तोंडाला साबण होता. तोंडाला साबण असला की माणसाला न बोलायला निमित्त मिळतं.

शनिवारी त्याला गोदामांच्या गल्लीत गाठलं. डावा हात उंबऱ्याच्या लोखंडावर दाबून धरला आणि वरून शटर सोडलं. दोनदा. पोलिसांनी 'अनोळखी इसम' असं लिहून घेतलं. डॉक्टरांनी मनगटाच्या चार बोटं वरून हात कापून काढला. तीन महिन्यांनी लेकीनं त्याच्याशी लग्न केलं. आणखी तीन महिन्यांनी तो आमच्या खोलीत आला, कारण सगळ्या जिल्ह्यात तेवढी एकच खोली होती. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. मी त्याच्या उजव्या हाताचा साचा घेतला आणि चिठ्ठी लिहिली. एका दुपारीत मास्तरांनी हात ओतला. काम करताना ते शीळ घालायचे. त्या दुपारी घातली नाही, एवढंच.

दोन वर्षांनी मास्तरांची बायको गेली. लेक आली होती, पण गल्लीत शिरली नाही. रस्त्याच्या पलीकडे विजेच्या खांबाशी उभी राहिली, कडेवर मूल. आईला नेताना तिनं बघितलं. मास्तरांनीही तिला बघितलं. हाक मारायला एक रस्ता ओलांडायचा होता, तो त्यांनी ओलांडला नाही. पुढच्या सात वर्षांत ते फार लवकर म्हातारे झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा मला म्हणाले, "नात आता शाळेत जात असेल." मी म्हणालो, "असेल."

निवृत्तीला चार महिने राहिले होते. एका मंगळवारी सकाळी तो दारात उभा राहिला. आता थोडा पोक आलेला, डाव्या बाहीला टाचणी. हातात बुटांचा खोका. त्याच्यामागे व्हरांड्यातल्या बाकावर लेक बसलेली मला दिसली. ती आत आली नाही.

"मास्तर, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. खोक्यातून त्यानं आमच्या खोलीत झालेला तो हात काढला, खिडकीखालच्या टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याशेजारी स्वतःचा उजवा हात उताणा ठेवला. "हा कुणाचा हात आहे?"

मास्तर म्हणाले, "पावतीवर नाव असेल."

"पावतीवर माझं आहे. हात माझा नाही." तो शांतपणे बोलत होता. "हात गेला, छापखाना सुटला. टपाल कचेरीत इतकी वर्षं मला मागच्या खोलीत बसवलं, पत्रं लावायला. आता काउंटर देतायत. काउंटरवर सुट्टे द्यायचे तर हात असा होतो. एरवीही हा असा झाला की लोक एकदा हाताकडे बघतात, एकदा तोंडाकडे. काय चुकलंय ते त्यांना कळत नाही, पण बिचकतात. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिला बरोबर कळलं. म्हणाली, बाबा, हा हात आतनं जळलाय का?"

मास्तर बघत राहिले. एक हात काळा, पालथा केला काय आणि उताणा केला काय, सारखाच. दुसऱ्याचा तळवा फिका, पिवळसर गुलाबी, आणि त्यावरच्या रेषा गडद, शाईनं काढल्यासारख्या. हे त्यांना दिसलं नव्हतं असं कसं म्हणू? बसमध्ये तिकीट देताना, बाजारात पिशवी पुढे करताना, हे हात रोज त्यांच्यासमोर उताणे होत होते. मास्तरांची नजर हाच त्यांचा धंदा. तिनं सव्वीस वर्षं एवढं एक वगळलं होतं.

"बसा," मास्तर म्हणाले. "हात ठेवा."

त्या लोकांतल्या कुणाला त्यांनी 'बसा' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी दिवा बंद केला.

पहिल्या दिवशी त्यांनी तो हात तापलेल्या भांड्यासारखा दोन बोटांनी धरला. "असा धरलात तर पडेल," तो म्हणाला. मग मास्तरांनी खाली आपला पंजा घातला. काचेवर अकरा रंग कालवून झाले, एकही जुळेना. पांढऱ्यात जरा तपकिरी टाकली की झालं, अशी त्यांची समजूत होती. ते मेणासारखं दिसायला लागलं. पिवळा वाढवला तर कावीळ झाल्यासारखं. बोटांच्या मुळाशी जांभळट, अंगठ्याच्या उंचवट्यावर तांबूस, मनगटाशी जिथं काळा आणि फिका एकमेकांत मिसळतात तिथं रंगाला नावच नाही. मास्तरांनी काच पुसून पुन्हा सुरुवात केली.

"नऊ नंबरचा डबा संपला वाटतं," तो म्हणाला. हसला नाही.

"तो डबा चुकीचा होता," मास्तर म्हणाले.

"बरीच वर्षं टिकला."

त्या रात्रीपासून मास्तरांनी काय केलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या मंगळवारी ते सतरा काचपट्ट्या तयार करून आले होते. त्यांतली चौदावी जुळली. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. मास्तरांनी पट्टी तळव्याला लावली आणि पट्टी दिसेनाशी झाली. दोघंही तिथं बघत राहिले. "आहे इथंच," तो म्हणाला, "गेली कुठं नाही." आणि मास्तर हसले. त्याच वेळी दारातून आवाज आला.

"बाबा, चष्मा बदला. काच किती खरवडलीय."

लेक उंबऱ्यावर उभी होती. नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"बदलतो," मास्तर म्हणाले.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या मंगळवारी तिला शाळा नाही. आणू का?"

मास्तरांनी मान हलवली.

त्या दुपारी धुलाईखान्याच्या पायरीवर आम्ही चहा घेतला. वाटलं होतं खुश असतील. ते म्हणाले, "ती नातीला आणायच्या आधी सांगायला पाहिजे."

"काय सांगायचंय?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"शनिवारचं."

"मास्तर, गाडलेली मढी कशाला उकरता? तुम्ही मारलं का त्याला? तुम्ही वेळ सांगितली. वेळ काय, घड्याळ पण सांगतं."

"मी पण असंच म्हणायचो," ते म्हणाले. "नऊ वर्षं हेच म्हणतोय. आता त्याचा हात धरून बसतो ना, तेव्हा अंगठ्याखाली त्याची नाडी लागते. त्याला ठाऊक नाही कोणी धरलाय हात. उद्या त्या पोरीला मांडीवर घेईन, तिलाही ठाऊक नसेल. हे म्हणजे पुन्हा चोरीच."

"सांगितलंत तर नातीचं तोंड दिसायचं नाही."

"ते तर दिसतंय मला."

मी त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला. त्यांच्यासाठीच केला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या मंगळवारी ते तिघं आले. पोरगी आईच्या बाजूला बाकावर बसून पाय हलवत होती, रंगानं दोघांच्या मधली, कपाळ मात्र थेट मास्तरांचं. तो आत येऊन बसला. साचा फोडून काढलेली कातडी टेबलावर होती, तळवा पुरा झालेला, नखं बसवायची बाकी. त्यानं आपला हात आपणहून पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही.

"आधी ऐका," ते म्हणाले. "तुम्ही शनिवारी कुठनं जाता, कितीला जाता, ते त्या पोरांना मी सांगितलं. न्हाव्याच्या दुकानात. ते काय करतील ते मला माहीत होतं. शटरचं माहीत नव्हतं, पण मारतील हे माहीत होतं. मारावं असं वाटत होतं."

धुलाईखान्यातलं यंत्र घरघरत होतं.

"कोण कोण?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी चौघांची नावं सांगितली.

त्यानं टेबलावरचा हात उचलला, मांडीवर ठेवला. "मला वाटायचं त्यांनी पाळत ठेवली असेल," तो म्हणाला. "किती दिवस ठेवली असेल, याचा मी विचार करायचो. म्हणजे पाळत ठेवायची पण गरज पडली नाही." तो उठला आणि बाहेर गेला.

बाहेर काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. पोरीचे पाय हलायचे थांबले. मग लेक आत आली. ती रडत नव्हती.

"आईला माहीत होतं?"

"नाही. तिला कळलं असतं तर ती तुझ्याकडे आली असती."

"म्हणजे मला ती मिळाली असती," लेक म्हणाली. "दोन वर्षं तरी." आणि ती गेली.

मास्तर तसेच बसले. बारा वाजून गेले, खिडकीतला उजेड हलला, तरी बसले. मी दिवा लावला तेव्हा म्हणाले, "नको."

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. अंमलदार म्हणाला, "मास्तर, नऊ वर्षांनी? आमच्याकडे कालचं लिहून घ्यायला माणूस नाही. घरी जा, आराम करा." ते बाकावर बसले. चार दिवस कामावरून सुटले की तिथं जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी कंटाळून त्यानं जबाब लिहून घेतला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. जाड्याचं आता स्वतःचं दुकान होतं, दोन मुलं होती. त्याची बायको मास्तरांच्या दारात येऊन म्हणाली, "माझ्या पोरांनी तुमचं काय खाल्लं होतं?" न्हाव्यानं खुर्ची द्यायचं बंद केलं. खिडकीची काच फुटली, ती त्यांनी पुठ्ठा लावून बंद केली, तो पुठ्ठाही कुणी ओरबाडला. ज्या म्हातारीला ते औषध आणून देत ती म्हणाली, "आपल्याच माणसांवर उलटलास." औषध मात्र तिनं ठेवून घेतलं.

पुढच्या मंगळवारी तो एकटा आला. मी प्लास्टर मळत होतो, माझे हात थांबले.

"मला पोलिसांनी बोलावलं होतं," तो म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले.

"सोमवारी काउंटरला रुजू व्हायचंय. हात पुरा करा."

तो खुर्चीत बसला आणि हात टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो घेतला, पण पहिल्या दिवसासारखा नुसता दोन बोटांनी, आणि नखाचा रंग काचेवरून ओघळला.

"नीट धरा," तो म्हणाला. "हलला की रंग चुकतो म्हणता ना. मला हा हात बरोबर पाहिजे. बाकीचं माझ्याकडनं आज काही मागू नका."

मास्तरांनी धरला. दोन तास नखं बसवायचं काम चाललं. मध्ये एकदाच ते म्हणाले, "ती कशी आहे?"

"जेवत नाही. बोलत नाही. मुलगी विचारते आजोबा कुठले होते त्यातले, खिडकीतले की दारातले. मी म्हणालो, खिडकीतले."

हात चढवला. त्यानं तो उताणा केला, पालथा केला, उजव्याशेजारी धरला. मास्तरांनी नेहमीचा विनोद केला नाही. जाताना त्यानं दारात थांबून मला "येतो" म्हटलं, आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही.

उरलेल्या तीन महिन्यांत मास्तरांनी जुनी नोंदवही काढली आणि नऊ नंबर दिलेल्या सगळ्यांना पत्रं लिहिली, की हात बदलून मिळेल, या. दीडशेच्या वर पत्रं असतील. पुष्कळ परत आली, माणूस मयत. काहींनी उत्तर दिलं नाही. अठरा जण आले. एका कामगारानं जुना हात मास्तरांच्या अंगावर फेकला आणि नवा न घेताच गेला. एक म्हातारी आली, तिला नवा नको होता. "आता सवय झाली," म्हणाली. "मी तो पालथाच ठेवते. लेकरांच्या डोक्यावर ठेवला तर कुणाला काय दिसतंय." नुसतं पत्र कोणी लिहिलं ते बघायला आले, म्हणाली. मास्तरांनी तिला पाणी दिलं. बाकीच्यांच्या बैठका त्यांनी रोज घेतल्या, दहा ते बारा. इस्पितळाचे साहेब म्हणाले, नियमात नऊ नंबरला बैठक नाही. मास्तर म्हणाले, नियम मीच केला होता, चुकला होता.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. चौघांनी कानांवर हात ठेवले. न्हाव्यानं शपथेवर सांगितलं की दुकानात असं कधी काही बोलणं झालं नाही. चौघांच्या वकिलानं मास्तरांना विचारलं, "त्या वेळी दुकानात आणखी कुणी होतं? शेजारच्या खुर्चीवर?"

मी चौथ्या रांगेत बसलो होतो. मास्तर समोर बघत राहिले.

"आठवत नाही," ते म्हणाले.

सगळा जन्म त्यांनी रंग आणि माणसं लक्षात ठेवण्यात घालवला होता. ते खोटं मास्तर माझ्यासाठी बोलले. मी उठून उभा राहू शकलो असतो. वकील कागद उलटत होता, तेवढा वेळ होता. मी बसून राहिलो.

पुराव्याअभावी चौघं सुटले. कबूल करणारा एकटाच होता, त्याला आठ महिन्यांची कैद झाली. निकाल ऐकून मागच्या बाकांवर गल्लीतल्या लोकांनी एकमेकांचे हात दाबले. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, शिपायानं सांगितलं तसे चालायला लागले. दारापाशी लेक उभी होती. तो होता, दोघांमध्ये पोरगी. मास्तर त्यांच्यासमोरून गेले. थांबले नाहीत, कारण शिपाई थांबला नाही. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं.

मी जिन्यानं निघालो होतो. मागून हाक आली.

"काका."

लहानपणी खोलीत यायची तेव्हा ती मला अशीच हाक मारायची, प्लास्टरचा बैल करून मागायची. मी वळलो.

"काका, भेटीचा वार कोणता असतो हो? जरा विचारून सांगता?"

मी खाली गेलो, हवालदाराला विचारलं आणि परत वर आलो. जिना फार उंच वाटला. "गुरुवार," मी म्हणालो. "दोन ते चार. लहान मूल आईबरोबर चालतं."

ती त्याच्याकडे बघायला लागली. तो भिंतीकडे बघत होता.

"गुरुवारी माझा काउंटर असतो," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "तुम्ही दोघी जा. मला अजून नाही जमायचं. नंतरचं नंतर बघू."

पोरीनं आईची ओढणी ओढली. "ते बोलतील आपल्याशी?"

"ते बोलतील," लेक म्हणाली. "आपण बोलायचं का, ते तिथं गेल्यावर बघू."